हवेत आवळलेले बोल्ट

अक्षर गिचमिड आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल. माफी असावी. चौथीनंतर हातात पेन कमी आणि पाना जास्त आला.

तर हिराबायची जुनी जीप जॅकवर होती आणि चाक काढलेल्या जागेत मी डोकं घालून बसलेले. बाळकुमच्या आमच्या गॅरेजात भाऊजींनी पहिल्यांदाच अख्खं काम माझ्यावर सोडलेलं. भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर, गॅरेजचे मालक. तोवर मी पार्ट धुवायचे. हे बिघडलं असतं तर परत रॉकेलची बादली.

काम होतं पुढचे दोन्ही अप्पर आर्म बदलायचं. अप्पर आर्म म्हणजे चाकाला वरून धरून ठेवणारा लोखंडी हात. गाडी जुनी, कंपनीचा माल बंद, म्हणून बाहेरचे आणलेले. आर्म चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडतो तिथे रबराचा बुश असतो, धक्के खाणारं जाड नळकांडं. त्याचा बोल्ट आधी हलका लावायचा. मग चाकं चढवून गाडी खाली उतरवायची आणि तिचं वजन चाकांवर आलं की घट्ट आवळायचा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं.

हे मला पाठ होतं. पण उतरवलेल्या गाडीखाली झोपावं लागतं. आमची शेड एवढीशी, पाय थेट रस्त्यावर. समोर चहाची टपरी. मी गाडी जॅकवर असताना, हवेतच सगळे बोल्ट आवळून टाकले.

"उतरवून आवळलेस ना?" भाऊजींनी विचारलं.

मी लाजले की माझी मान आपोआप हलते. तिने होकार दिला.

काही दिवसांनी हिराबाय आली. तिचा मासळीचा धंदा. आवाज खाडीपलीकडे जाईल असा.

"काय गो, गारी दिलीस का खुलखुला? टोक टोक वाजते, मागं म्हावरा उरया मारतंय!"

भाऊजींनी वाकून बघितलं. बुश फाटलेले.

"हे हवेत आवळलंय. का गं?"

"पाय दिसतात."

"कोणाचे?"

"माझे."

भाऊजी सरळ उभे राहिले. "याचा बुश सुटा मिळत नाही. आर्मची नवी जोडी येईल, पैसे तुझ्या पगारातून. आणि बसवायचीही तूच."

पैशांपेक्षा हे शेवटचं जड होतं.

या वेळी गाडी उतरवली आणि खाली झोपले. वजन पाहिजे असं ऐकून हिराबाय दोन बहिणींना घेऊन आत चढून बसली. गाडीचं स्वतःचं वजन पुरतं. पण ते सांगायलाही मी लाजले.

वरून हाक आली, "गो, टाचा बग कश्या फुटल्यान! खोबरेल लाव जरा!"

टपरी हसली. बोल्ट आवळून झाले तरी मी बराच वेळ खालीच होते. भाऊजींना वाटलं, पोरगी काम फार बारकाईने करते.

चाकांची अलाइनमेंट करून गाडी गेली. ती आजवर वाजलेली नाही. माझ्या लाजेची किंमत अप्पर आर्मची एक जोडी, हे मात्र कळलं.

पगार दर महिन्याला कापला जात होता. या महिन्यात पाकीट जाड लागलं.

"फिटले सगळे?" भाऊजी म्हणाले.

मी मान हलवली.

"मानेवर माझा भरवसा नाही. तोंडाने सांग."

"फिटले," मी म्हणाले. टपरीपर्यंत ऐकू गेलं असावं.