इंगोले मॅडमचे सुरय

इंगोले मॅडम कोणाच्याही दारात उभ्या राहिल्या की आधी त्या घराची नाली बघत. पदर खोचून वाकत, अडकलेली शाम्पूची पुडी नाहीतर दुधाची पिशवी चिमटीत धरून बाहेर काढत आणि घरधन्याच्या हातात ठेवत. "घ्या, तुमची वस्तू. समुद्रात चाल्ली होती." एकदा हळदीकुंकवाला बोलावलेल्या घरीही त्यांनी हेच केलं. मी शेजारीच उभी होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

आर्वीच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत आणि मी गणित. नालीचं पाणी नाल्यात, नाला वर्धेत, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी समुद्रात, हे त्यांच्या पोरांना पाढ्यासारखं पाठ होतं. स्वतः मॅडमनी मात्र समुद्र पाहिला नव्हता.

त्यांचं माहेर वर्धा नदीच्या काठचं, भोयांचं घर. धाकटा भाऊ शंकर पावसाळ्यात मासे धरी आणि पाणी उतरलं की नदीच्या रेतीत डांगर-टरबुजाची वाडी लावी. त्याच रेतीच्या वरच्या, उंच भागावर उन्हाळ्यात सुरय अंडी घालत. काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे, समुद्रपक्ष्यांच्याच कुळातले हे पक्षी. घरटं म्हणजे रेतीतला नुसता खळगा. ऊन तापलं की मादी नदीत पोट बुडवून येते आणि ओल्या अंगानं अंड्यांवर बसते. मॅडमनी मला ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्यांचा मोठा आवाज एकदम खाली आला होता. "पाह्य वं, कूलर लावून राह्यली."

दर वर्षी वेल लावायच्या आधी बहीणभावाचं भांडण ठरलेलं. मॅडम पायाच्या अंगठ्यानं रेतीत रेघ मारत. "याच्या पल्याड लावू नोको. थे पाखरायचं." शंकर ती रेघ पुसून हातभर पुढे दुसरी मारी. "बाई, तुह्या पाखरायपायी माह्या लेकरायनं काय रेती खावी काय?" मग मॅडम ती पुसत. ऊन चढेपर्यंत हे चाले आणि शेवटी वरची अर्धी रेती पाखरांना, अर्धी शंकरला, असा निकाल लागे. मग तिघं बसून भाकरी आणि माशाचं कालवण खात असू. मला हे भांडण फार आवडायचं, कारण दोघांनाही ते फार आवडायचं.

एका हिवाळ्यात शाळेची सहल कोकणात गेली. पोरं पाण्यात धावली. मॅडम भरतीच्या रेघेवर उभ्या राहिल्या. तिथे चपला, बाटल्या, पुड्या यांचा ढीग लागला होता. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, आपलं सामान आलं." दुसरा हुशार निघाला. आपली नदी तिकडच्या समुद्रात जाते, इकडच्या नाही, असं त्यानं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मंग हे दुसऱ्या कोण्या आर्वीचं असंल." पोरं हसली. पण त्या ढिगात नायलॉनच्या जाळीचा गुंता होता आणि त्यात एक सुरय मरून पडला होता, समुद्रावरचा, आपल्याकडच्यापेक्षा लहान. मॅडमनी तो पदरानं झाकला.

पुढच्याच उन्हाळ्यात शंकरच्या वाडीच्या कुंपणात एक सुरय अडकलेला त्यांना दिसला. रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून शंकर जुनी मासेमारीची जाळी वाडीभोवती, वरच्या रेतीसकट, ताणून बांधी, सगळेच भोई बांधतात. मॅडमनी विळ्यानं पाखरू सोडवलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण कोकणातला तो सुरय त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्यांनी सगळी जाळी कापून काढली. शंकर त्या दिवशी आर्वीच्या बाजारात होता. दुसऱ्या सकाळपर्यंत रानडुकरांनी वाडी उधळली, टरबुजं फोडली आणि वरच्या रेतीतली अंडीही खाल्ली. एकही वाचलं नाही.

शंकर ओरडला नाही. "एक पाखरू वाचोलं बाई तू," एवढंच म्हणाला आणि तुटके वेल गोळा करू लागला. मॅडमनी वर्गात उभं राहून पोरांना सगळं सांगितलं. "चुकलं माहं. जाळी काढाच्या आधी दुसरं कुंपन द्याले पाह्यजे होतं." त्या राखीला शंकर आला नाही. मॅडमनी पुरणपोळ्या केल्या होत्या. त्यातल्या चार माझ्या घरी आल्या आणि त्या मला गोड लागल्या नाहीत.

पाणी उतरल्यावर मॅडम पुन्हा दारोदार फिरू लागल्या. या खेपेला नालीकडे न बघता जुन्या साड्या मागत होत्या. शेताभोवती साड्या बांधल्या की डुकरं बिचकतात, हे आमच्याकडे कोणालाही ठाऊक आहे. शिवाय साडी पाखराला लांबून दिसते आणि तिच्यात पाय गुंतत नाही. आर्वी झाली, लेक राहते ती सिंदी मेघेची कॉलनी झाली. "पैठनी नोको, फाटकी दे." मी तीन दिल्या. त्यातली एक नणंदेनं दिलेली होती, ती अशीही मला कोणाच्या तरी गळ्यात घालायचीच होती.

स्कूटीवर गठ्ठे लादून आम्ही वाडीवर गेलो. शंकर खड्डे खणत होता, त्यानं वर पाहिलं नाही. मॅडम एकट्याच रोवलेल्या बांबूच्या डांगांना साड्या बांधू लागल्या. बांधलेली प्रत्येक गाठ सुटत होती. शंकर बराच वेळ बघत राहिला, मग कुदळ टाकून आला आणि त्यांच्या हातातून साडीचं टोक ओढून घेतलं. "भोयाची पोर, अन् गाठ अशी मारते?" मॅडम रडल्या. शंकर मान खाली घालून गाठी मारत राहिला. त्या उन्हाळ्यात लाल-निळ्या साड्यांच्या आत सुरयांची पिल्लं रेतीवर तुरुतुरु पळाली आणि टरबुजंही झकास झाली.

गेल्या वर्षी मॅडम आजारी पडल्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात मी भेटायला जाई. आवाज पार गेला होता. एके दिवशी माझा हात धरून म्हणाल्या, "यंदा रेघ तू मारून येजो वं. तू गनिताची, सीधी मारशीन." दिवाळीच्या आधी त्या गेल्या. एवढं मोठ्यानं बोलणारं माणूस इतकं हळू कसं जाऊ शकतं, हे मला अजून कळत नाही.

पाणी उतरल्यावर मी एकटीच वाडीवर गेले. साड्या बांधून झाल्या होत्या, वरच्या रेतीलाही कडेकडेनं. मी चप्पल काढली, वरच्या रेतीच्या मधोमध उभी राहिले आणि अंगठा टेकवला. शंकर लांबूनच म्हणाला, "राहू द्या मॅडम. वरतं यंदा काईच लावलं नाई."

"सगळीच सोडली?"

तो आला आणि माझ्याजवळ उभा राहिला. नदीकडे बघत म्हणाला, "बाई असती तं भांडून म्या अर्धी घेतली असती. आता कोनासंग भांडू?"