टॅपस्कॉटच्या कोटाचं दुसरं बटण

जोसाया टॅपस्कॉटनं आयुष्यात एक खरी वस्तू बनवली नाही. प्लिमथच्या बंदरामागच्या आमच्या नाटकघरात रंगमंचावरचं सगळं सामान सव्वीस वर्षं त्याच्याकडे होतं. कागदाच्या लगद्याची भाजलेली बदकं, रंगवलेल्या लाकडाचे केक, गार चहाची ब्रँडी, पत्रा हलवून काढलेला ढगांचा गडगडाट, सगळं त्याच्या हातचं. एकदा एका भुकेल्या नटानं त्याच्या खोट्या मटणाच्या तंगडीला खरंच चावा घेतला आणि दाताचा टवका उडाला. टॅपस्कॉटच्या अंगावर पुढं महिनाभर मूठभर मांस चढलं होतं. बाकी माणूस नाकासमोर चालणारा. रविवारी चर्च, सोमवारी काम, घरी एक मांजर.

आणि असल्या माणसानं अकरा वर्षं एक लबाडी चालवली होती.

कपडेपट होता केझाया लस्कमबाईंकडे. चाळिशी उलटलेली विधवा. नवरा खलाशी होता, तो जहाजासकट बुडाला. बाईंची जीभ कात्रीपेक्षा धारदार. दर सोमवारी सकाळी टॅपस्कॉट आपल्या तपकिरी कोटाचं वरून दुसरं बटण कापायचा, खिशात टाकायचा आणि कपडेपटाच्या दारात उभं राहून सांगायचा की, बटण पुन्हा तुटलं. बाई कपाळाला आठ्या घालायच्या, पुरुषांच्या वेंधळेपणावर चार शब्द ऐकवायच्या आणि बटण लावून द्यायच्या. तेवढ्यात चहा व्हायचा. उरलाय म्हणून देते, असं बाई दर वेळी बजावायच्या. सकाळी दहा वाजता चहा कुठून उरतो, हे या शहाण्याला कधी सुचलं नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. हा गडी अकरा वर्षं बाशिंग पेटीत घालून वर पेटीवर बसला होता.

हे भिजत घोंगडं तसंच राहिलं असतं, पण अठराशे अठ्ठ्याहत्तर सालच्या वसंतात हॅनाफर्ड नावाचा एक दुकानदार आडवा आला. हॅनाफर्डचं फालमथला खलाशांच्या कपड्यांचं मोठं दुकान. कापडाच्या निमित्तानं तो दोनदा येऊन गेला आणि तिसऱ्यांदा त्यानं लस्कमबाईंना सरळ लग्नाचं विचारलं. बाईंनी रविवारी उत्तर देते म्हणून सांगितलं. ही बातमी टॅपस्कॉटला बाईंनीच दिली, बटण लावता लावता, दोरा दातानं तोडत. त्यानं अभिनंदन केलं. मग सामानाच्या खोलीत जाऊन तो लगद्याच्या बदकांमध्ये तासभर नुसता बसून राहिला.

बोलायची तर त्याची छाती नव्हती. शनिवारी सकाळी त्यानं पत्र लिहिलं.

आता इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नाटकात कुणाला पत्र आलं, तर तो मजकूर नट पाठ करत नाहीत. कशाला करतील? हातात कागद असतोच. सामानवाला मजकूर ठळक अक्षरात लिहून देतो आणि नट तो रंगमंचावर वाचतात. त्या आठवड्यात आमच्याकडे 'बनावट माळी' हे हास्यनाटक चाललं होतं. त्यात एक लॉर्ड माळी बनून एका श्रीमंत पोरीच्या मागं लागतो आणि ती पोर त्याची परीक्षा पाहायला स्वतःचीच मोलकरीण बनते. दुसऱ्या अंकात तो पत्रातून सगळं कबूल करतो. सव्वीस वर्षांत टॅपस्कॉटनं असली शेकडो पत्रं लिहिली होती. खऱ्या माणसाला एकही नाही. त्यामुळं लस्कमबाईंचं पत्रही त्यानं त्याच जाड कागदावर, गॅसच्या उजेडात लांबून दिसेल अशा ठळक अक्षरात लिहिलं, तशीच तिहेरी घडी घातली आणि वर तसाच लाल लाखेचा ठिपका दिला. पत्र म्हणजे असंच असतं, अशी त्याची समजूत. एक पत्र तबकात ठेवलं, एक खिशात. खेळ संपला की चहाच्या वेळी बाईंच्या हातात द्यायचं आणि पळून जायचं, असा बेत होता.

दुपारचा खेळ खच्चून भरला होता. वरच्या सज्जात सगळे खलाशी. दुसरा अंक रंगात आला. नोकरानं तबक पुढं केलं, आमच्या मुख्य नटी मिस ऑगस्टा ट्रेल यांनी पत्र उचललं, लाख फोडली आणि वाचायला सुरुवात केली.

"माझ्या कोटाचं दुसरं बटण आपोआप तुटत नाही."

टॅपस्कॉट डाव्या विंगेत होता. त्याची पाचावर धारण बसली. खिशातलं पत्र काढून त्यानं पाहिलं, तर ते नाटकातलं निघालं, त्यात लॉर्डसाहेबांचा गुलाब आणि चंद्र. पडद्याचा दोर हाताशीच होता. तो ओढावा, अंक संपवावा, आणि जमलं तर जमिनीत गडप व्हावं, असं त्याला वाटलं. त्यानं दोर धरलासुद्धा.

पण मिस ट्रेल जुनी खेळाडू. वाचायला लागलेलं पत्र अर्ध्यावर टाकायचं नसतं, हे तिच्या हाडात मुरलेलं. पहिल्या ओळीतलं लस्कमबाईंचं नाव तिनं अलगद गिळलं होतं आणि पुढं ती आपल्या सुरेल आवाजात वाचतच राहिली.

"दर सोमवारी सकाळी ते मी कात्रीनं कापतो. अकरा वर्षं कापतोय. जन्मभर मी खोट्या वस्तू केल्या, पण खोटं बोललो ते एवढंच. त्या गृहस्थांचं दुकान मोठं आहे. माझ्याकडे दोन खोल्या आणि एक मांजर. तुम्ही हो म्हणालात, तर बटण परत कापणार नाही. नाही म्हणालात, तर कापायला कारणच उरणार नाही."

पहिल्या वाक्याला सज्जा खदखदून हसला होता. शेवटच्या वाक्याला तिथं चिडीचूप. लॉर्डाजवळ दोनच खोल्या कशा, असं कुणीही विचारलं नाही.

समोरच्या विंगेत लस्कमबाई उभ्या होत्या. पुढच्या प्रवेशाची शाल हातात, तोंडात चार टाचण्या. टॅपस्कॉटनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावर काही म्हणजे काही दिसेना.

आणि मग त्याला आठवलं की पुढचं वाक्य काय आहे. नाटकात ती मानी पोर पत्र वाचते आणि नोकराला म्हणते की याला उत्तर नाही. मिस ट्रेलला ते म्हणवेना. ती कागदाकडे बघत थांबली. आमचे प्रॉम्प्टर क्रम्पसाहेब म्हणजे हातातल्या वहीपलीकडे जग नसलेला माणूस. त्यांना वाटलं, बाई अडकल्या. त्यांनी वाक्य दिलं. ती गप्पच. त्यांनी परत दिलं, इतकं मोठ्यानं की पहिल्या तीन रांगांनी ऐकलं. शेवटी बिचारीनं सुस्कारा सोडून म्हणून टाकलं.

"सांग त्यांना, या पत्राला उत्तर नाही."

टॅपस्कॉटच्या हातातून दोर सुटला. अकरा वर्षांचं सगळं त्या एका वाक्यात बुडालं, असंच त्याला वाटलं. आणि वाक्य परक्याचं आहे, छापील आहे, हे ठाऊक असूनही त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

लस्कमबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. घाई केली नाही. एक, दोन, तीन, चार, चारही छातीशी अडकवलेल्या टाचण्यांच्या उशीत खोचल्या. मग विंगेतूनच, जहाजावर ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "आहे. उत्तर आहे. हो म्हणून सांग त्या बावळटाला."

खलाशांनी सज्जा पायांनी असा दणाणून सोडला की छताची धूळ खाली आली. क्रम्पसाहेब वहीची पानं उलटीसुलटी करून ते वाक्य शोधत राहिले. ते त्यांना अजून सापडलेलं नाही.

खेळ संपल्यावर टॅपस्कॉट कपडेपटाच्या दारात आला, पण त्याला आत पाऊल टाकवेना. चहा तयार होता. बाई वर न बघताच म्हणाल्या, "कोट काढा."

त्यानं मुकाट्यानं काढला. बाईंनी टेबलाच्या खणातून चांभाराचा मेण लावलेला दोरा काढला आणि दुसरं बटण उसवून पुन्हा लावायला घेतलं. टॅपस्कॉट चाचरत म्हणाला की, ते तर गेल्या सोमवारीच लावलंय, अजून पक्कं आहे.

"पक्कं?" बाई हसल्या. "अकरा वर्षं मी ते कच्च्या दोऱ्यानं लावतेय. आठवड्यात आपसूक गळून पडावं आणि तुम्हाला परत यायला लागावं म्हणून. कात्री कशाला चालवत होता, कुणास ठाऊक."

टॅपस्कॉट खुर्चीत बसला तो बसलाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

जूनमध्ये लग्न झालं. मॅनेजरला तो बटणाचा मजकूर इतका आवडला की रोज तोच वाचायचा, असा त्यानं हुकूम काढला. पण खरं पत्र बाईंनी काही दिलं नाही. मग टॅपस्कॉट रोज त्याची नक्कल करत बसे, आणि नक्कल तितकी वठत नाही म्हणून कुरकुरे.

त्यानंतर एकोणीस वर्षं तो तोच कोट घालून फिरला. कोपरं फाटली, कॉलर गेली, बाकीची बटणं एकेक करून कुठंकुठं पडली. ती लावायला बाईंना वेळ नसे, आणि आता त्यालाही ओरडा खायला दारात उभं राहावं लागत नसे, तो घरातच मिळत होता. त्याला पुरायच्या दिवशी शेजारणींनी नवा कोट आणला होता. बाईंनी तो परत पाठवला आणि जुनाच घातला. दुसरं बटण त्यांनी चिमटीत धरून एकदा ओढून पाहिलं. ते जागचं हललं नाही.