तिला वाचता येते, असे मी सांगितले

निवृत्तीनंतर मी घरी एकेका मुलाला बसवून शिकवणी घेत असे, हे आमच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याबद्दल कोणी विचारले की मी ठरलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतो. एका जागी न बसणारा एक मुलगा, ज्याला मी अंगणात फेऱ्या मारत पाढे शिकवले. कमी ऐकू येणारी एक चिमुरडी, जी माझ्या ओठांकडे पाहून शब्द पकडायची. ऐकणाऱ्याला बरे वाटते, मलाही बरे वाटते. आणखी एका मुलीबद्दल मात्र मी कधी बोललो नाही. बायको होती तोवर तिच्यापाशीही नाही. विषय तिकडे वळतोय असे दिसले की मी चहा टाकायला उठायचो. आता वय झाले, उठायलाही वेळ लागतो. म्हणून लिहून टाकतो.

ती सातवीत होती. माणसे कुहीकडची, धानाची शेती असलेली. वडिलांना नागपूरला लागून असलेल्या वाडीत एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात काम मिळाले होते आणि तिघेही तिथेच भाड्याच्या खोलीत राहत होते. पहिल्या दिवशी तिची आई दारातूनच बोलू लागली.

"सर, पोरगी हुशार आहे जी. बाजाराचा हिशेब तोंडी करते. पण पुस्तक समोर आलं का मुकी होते. शाळेतले मास्तर म्हणतेत, आळशी आहे. तुम्ही एकेका पोराले घेऊन बसता म्हणे."

मुलगी आईच्या मागे उभी होती. मी विचारले, "काय गं, आळशी आहेस का?"

ती म्हणाली, "सकाळचं पाणी मीच भरतो जी, सर." आई हसली, मीही हसलो.

ती आळशी नव्हती. सुटे अक्षर तिला ओळखता यायचे. तीच अक्षरे ओळीत उभी राहिली की तिच्या हातातून निसटायची. आज वाचलेला शब्द उद्या तिला परका असायचा. मी नोकरीत असताना अशा मुलांबद्दलच्या एका प्रशिक्षणाला बसलो होतो. तिथले जेवढे आठवत होते तेवढे केले. ताटात रवा पसरून त्यात बोटाने अक्षरे काढायला लावली. पुठ्ठ्याला खिडकी कापून एका वेळी एकच शब्द दिसेल असे केले. ती घामाघूम व्हायची, पण नको म्हणायची नाही. काही महिने गेले आणि आम्ही जवळजवळ होतो तिथेच होतो.

हे माझ्या आवाक्यातले नाही, हिला जाणकाराकडे न्या, असे मी तेव्हाच म्हणायला हवे होते. मला म्हणवले नाही. सरांकडे बसले की पोर वाचायला लागते, असे लोक म्हणायचे, आणि ते मला आवडायचे.

मग मला तिची स्मरणशक्ती सापडली. एकदा कंटाळून मी मराठीचा धडा स्वतःच मोठ्याने वाचला. दुसऱ्यांदा वाचायला घेतला तर ती माझ्याबरोबर म्हणू लागली, शब्दाला शब्द. त्या आठवड्यात तिची आई तिला न्यायला जरा लवकर आली आणि खुर्चीवर बसून राहिली. मुलीने पुस्तक उघडले, ओळीवर बोट ठेवले आणि धडा सुरू केला. बोट सरकत होते, आवाज स्वच्छ होता. मध्येच तिच्याकडून दोन पाने एकदम उलटली गेली. बोट भलत्याच पानावर फिरू लागले आणि तोंडून मात्र सुटलेल्या पानावरचा मजकूर बिनचूक येत राहिला.

मी पाहिले. मी पाहिले हे तिनेही पाहिले. ती थांबली नाही, फक्त तिची मान अजून खाली गेली.

आईने पदर डोळ्यांना लावला होता. "वाचते जी, सर. माही पोरगी वाचते."

मी म्हणालो, "शाबास."

त्या दिवसापासून आमची शिकवणी तीच झाली. रव्याचे ताट परत स्वयंपाकघरात गेले. मी वाचायचो, ती ऐकायची. आम्ही दोघे त्याबद्दल एकमेकांशी कधी बोललो नाही. ती एवढेच म्हणायची, "सर, अजून एक खेप म्हणून दाखवा ना." फार सफाईने म्हणाली तर कोणाला शंका येईल, म्हणून कुठे जरा अडखळायचे आणि कुठला शब्द दोनदा म्हणायचा, हेही मी तिला शिकवले. आयुष्यभर मुलांना अडखळू नका म्हणून सांगणारा मास्तर मी. इतर कशाहीपेक्षा ही गोष्ट मला जास्त छळते.

आठवीत असताना तिला बरेच दिवस ताप येत राहिला म्हणून आईने तिला धंतोलीत एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्या बाईंनी तापासोबत शाळेचीही चौकशी केली, तिच्यासमोर एक कागद धरला आणि आईला सांगितले की हिची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यातून दाखला मिळतो. तो असला की दहावीला वेळ वाढवून मिळतो, उत्तरे सांगितली तर लिहून घ्यायला लेखनिक मिळतो. ती कोणताही धडा तोंडी सांगू शकत होती. तिला फक्त प्रश्न वाचून दाखवणारे आणि उत्तर उतरवून घेणारे माणूस हवे होते. त्या दाखल्यावर तिची दहावी अडलेली होती.

आई माझ्याकडे आली. "सर, त्या मॅडम म्हणतेत अध्ययन अक्षमता का काय ते. लिहून देतीन म्हणे. तुमच्यापाशी तर वाचते ना हे? मग दाखला काहून पाहिजे?"

मुलगी तिथेच बसली होती. मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "वाचते. दाखल्याची गरज नाही. उगाच अक्षम म्हणून शिक्का कशाला लावून घेता? उद्या लग्नाच्या वेळी हाच कागद आडवा येईल."

लग्नाचे बोलणे मी काळजीपोटी बोललो, अशी मी पुढे बरीच वर्षे स्वतःची समजूत घातली. खरे कारण वेगळे होते. तपासणी झाली असती तर मी काय शिकवत होतो ते बाहेर आले असते.

त्याच वर्षी श्रावणात ती आईबरोबर मामाच्या घरी गेली. त्यांच्याकडे महिनाभर संध्याकाळी पोथी वाचतात, गल्लीतल्या बायका ऐकायला येतात. वाचायचे काम मामीचे. त्या वर्षी मामीच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. पुढचे सारे तिच्या आईने मला नंतर सांगितले. मामी म्हणाली, "नागपूरची शिकेल भाची असताना आपल्याले काय चिंता? बस वं पाटावर." आईनेही कौतुकाने तिला पुढे ढकलले. आईचा विश्वास होता, कारण मी सांगितले होते.

पोरीने हात जोडले, पोथी उघडली, ओळीवर बोट ठेवले. बायका वाट पाहत होत्या. मग तिने सुरू केले, "वनस्पतींच्या पानांमध्ये हरितद्रव्य असते. त्याच्या साहाय्याने वनस्पती स्वतःचे अन्न तयार करतात." विज्ञानाचा तो धडा आम्ही आदल्याच आठवड्यात केला होता. बोट पोथीवरून बरोबर सरकत होते. ठरलेल्या जागी ती अडखळलीसुद्धा.

पहिल्यांदा मामा हसला. "काहून वं, देवाले हरितद्रव्याचा निवद दाखवून राहिली काय?" मग बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "हसू नोका वं, पोरगी भेली." पण ती थांबली नाही. धडा संपेपर्यंत म्हणत राहिली आणि मग पोथीला नमस्कार करून उठली. त्या घरात तिचे नाव हरितद्रव्य पडले. लहान पोरेही तिला त्याच नावाने हाक मारू लागली.

परत आल्यावर आई तिला माझ्यासमोर घेऊन बसली. तिच्या गालावर वळ होते. आईचा आवाज मात्र शांत होता.

"सर, मले खरं सांगा. इले वाचता येते का नाही?"

खोलीत आम्ही तिघेच होतो. दहावीला अजून वेळ होता. दाखला निघू शकत होता. मला एक शब्द बोलायचा होता. त्याआधीच मुलगी बोलली, "येते वं माय. सरांनी शिकवलं ना. मलेच त्या दिवशी भेव वाटलं."

ती मला वाचवत होती. चौदा वर्षांची पोर मला वाचवत होती, आणि मी तिला तसे करू दिले. मी म्हणालो, "घाबरली असेल. इतक्या लोकांपुढे होते तसे. पोथीची भाषाही जुनी असते."

आईने मुलीला जवळ घेतले आणि मारल्याबद्दल तिची माफी मागितली. ते बघत मी तिथे बसून राहिलो.

नववी कशीबशी निभावली. शाळेच्या तोंडी परीक्षेत तिला गुण मिळायचे, आणि लेखीचे प्रश्न साधारण आधी कळायचे म्हणून तेवढी उत्तरे तिच्याकडून गिरवून घेता यायची. दहावीत ते चालले नाही. पहिल्या पेपरच्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि पायरीवरच बसली. मी विचारले, काय लिहिलेस. ती म्हणाली, "प्रश्नच उतरवले जी. पेपरवर जसे दिसले तसे. अक्षर चांगलं काढलं." बाकीच्या पेपरांनाही ती गेली. रोज प्रश्नपत्रिका उत्तरपत्रिकेत सुवाच्य अक्षरात उतरवायची आणि वेळ संपली की उठून यायची.

निकालानंतर तिचे वडील एकदा भेटले. रागावले नाहीत. "तुम्ही तुमच्याकडून केलं सर. तिच्याच नशिबात नव्हतं." पुन्हा परीक्षेला बसवायचा विषय कोणी काढला नाही. मीही काढला नाही. तेव्हाही मी त्यांना सांगू शकलो असतो. तेव्हाही दार पूर्ण बंद झालेले नव्हते. मी शिकवण्या मात्र बंद केल्या. लोकांना सांगितले, डोळ्यांना त्रास होतो.

मध्ये बरीच वर्षे गेली. गेल्या हिवाळ्यात वाडीत एका नातेवाइकाचे सामान ट्रकमध्ये चढवायचे होते म्हणून मी तिकडे गेलो होतो. गोदामाच्या दाराशी काही बायका खोकी बांधत होत्या. त्यांतली एक उठून आली आणि भर रस्त्यात माझ्या पाया पडली. तीच होती. चेहरा आईसारखा झाला होता. तिने मला स्टुलावर बसवले, कोणाला तरी चहाला पिटाळले आणि बाकीच्या बायकांना सांगू लागली, "हे माहे सर. मले एकटीले बसवून शिकवे. किती जीव लावे."

एक बाई खोके बांधता बांधता म्हणाली, "मंग सर, इले साधं लेबल काहून वाचता येत नाही जी? इच्या खोक्यांवर आम्हीच लेबल लावून देतो."

सगळ्या हसल्या. तीही हसली. म्हणाली, "सरांनी लय मेहनत घेतली वं. माहंच डोकं नव्हतं."

त्या हसण्यात कुठेही टोचून बोलणे नव्हते. तिला खरेच तसे वाटत होते. इतकी वर्षे ती तसेच मानून जगत होती. मी चहा प्यालो. तब्येतीचे विचारले. आई गेल्याचे तिने सांगितले, तेव्हा मी मान हलवली. निघताना तिने माझा फोन मागून घेतला आणि स्वतःचा नंबर त्यात घातला. म्हणाली, "लिहून नोका पाठवू सर, बोलूनच पाठवा. मी ऐकतो."

त्यानंतर मी कितीदा तरी फोन हातात घेतला आहे. बोलण्याचे बटण दाबतो, बोलतो, आणि पाठवण्याआधी पुसून टाकतो. कधी वाटते, ती हादरेल. कधी वाटते, ती लगेच मला माफ करून मोकळी होईल, आणि ते मला सोसवणार नाही. दर वेळी शब्द थोडे बदलतात, पण साधारण हेच असतात:

बेटा, मी सर बोलतोय. तुझे डोके चांगले होते. माझ्याकडे आलेल्या कुठल्याही मुलापेक्षा चांगले होते. तुला वाचता येत नाही हे मला पहिल्यापासून माहीत होते, आणि त्यावर उपाय होता हेही माहीत होते. तुझ्या आईने मला दोनदा विचारले, मी दोन्ही वेळा खोटे बोललो. ती तेच खरे मानून गेली. चूक तुझी नव्हती. मला माफ कर.