फाट्यावर उतरलेला कंडक्टर

आमच्या ह्यांना नाशिकच्या चारी बाजूंचे डोंगर तोंडपाठ आहेत, पण सगळे बसच्या दारातून पाहिलेले. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर. पेठ म्हणू नका, हरसूल म्हणू नका, सुरगाणा म्हणू नका, सगळीकडे जाऊन आले. पाठीला पिशव्या लावलेली पोरं कुठल्या फाट्यावर उतरतात, कुठल्या वाटेने वर जातात, संध्याकाळी कुठल्या गाडीला चिखलाच्या बुटांनी परत येतात, सगळं ह्यांना माहीत. स्वतः मात्र एकही डोंगर चढले नाहीत. कंडक्टरने गाडी सोडून जायचं नसतं, हे त्यांचं उत्तर. बरं, निवृत्त झाल्यावर तरी? तर म्हणायचे, "इतकी वर्षं बघितले ना, तेवढं पुष्कळ झालं."

डोंगर चढायला लागले ती मी, आणि तेही साठी उलटल्यावर. माझ्या शेजारणीला साखर निघाली, डॉक्टरने चालायला सांगितलं. कॉलनीच्या बागेत घाण्याच्या बैलासारखं गोल गोल फिरून दोघींनाही कंटाळा आला. त्यात एसटीत बायकांचं तिकीट अर्धं झालं आणि आम्हां दोघींना पाय फुटले. दर बुधवारी, सुना-नातवंडं आपापल्या वाटेला लागली की, आम्ही स्टँडवर.

पण रस्ता दाखवायचे हेच. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून. मी मंगळवारी संध्याकाळी विचारायचं, "उद्या अंजनेरी म्हणतेय, कसं?" की हे सुरू. "त्र्यंबकची कुठलीही गाडी चालेल. फाट्याचं तिकीट काढ. डाव्या बाजूला बस, सकाळचं ऊन लागणार नाही. उतरलीस की समोर चहावाला, त्याच्या बाजूने गावात रस्ता जातो." बोलताना हातात नखं कापायचं यंत्र असायचं, ते खुर्चीच्या दांडीवर टकटक वाजवायचे. पूर्वी तिकिटाचा पंच वाजवायचे ना, तशी सवय. ती टकटक ऐकली की मला वाटायचं, आता आपण सुटलो.

अशी मी ह्यांच्या तोंडी पत्त्यावर आठ-नऊ ठिकाणं फिरले. आणि मग गेल्या वर्षी ह्यांच्या छातीत दुखलं.

दोन स्प्रिंगा टाकल्या. बरे झाले, घरी आले, तपासण्या चांगल्या आल्या. डॉक्टर म्हणाले, चाला, रोज चाला, हळूहळू वाढवा, एखादा लहान डोंगर चढलात तरी माझी हरकत नाही. पण हे दूध आणायलाही खाली उतरेनात. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबायचे, छातीवर हात ठेवायचे, आतलं काहीतरी ऐकल्यासारखं करायचे आणि परत फिरायचे. मंगळवारी मी विचारलं तर, "बघ तू, गाड्या बदलल्या असतील आता." नखं कापायचं यंत्र कपाटात गेलं. मला त्या टकटकीची इतकी सवय होती की घर मुकं झाल्यासारखं वाटायचं. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि रिपोर्ट सगळे उत्तम.

जानेवारीत शेजारीण लेकीकडे गेली. मी म्हटलं, "अहो, मला एकटीला रामशेजला जायचंय. सोबत चला."

"तुला सोबत कशाला लागते?"

"वर नाही यायचं. फाट्यावर चहा प्यायचा, मी जाऊन येते तोवर बसायचं. तुमच्याच रस्त्यावर तर आहे."

खोटं बोलले मी. वर न्यायचंच होतं. रामशेज म्हणजे आपल्या पेठ रस्त्यावरचा, घरातल्या घरात असल्यासारखा किल्ला. म्हाताऱ्यांनाही जमतो. दोन दिवस मागे लागले तेव्हा हो म्हणाले. मुलाने आणलेले कॅनव्हासचे पांढरे बूट खोक्यातून पहिल्यांदा निघाले. मी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या दोन बाटल्या. ह्यांचा फोन आणि जिभेखाली ठेवायची गोळी मी माझ्याच पिशवीत ठेवली, ह्यांचा विसरभोळेपणा मला ठाऊक.

गाडी भरलेली होती. मला जागा मिळाली, ह्यांनाही एकाने दिली, पण हे बसेनात. दाराजवळच्या दांडीला टेकून उभे. कंडक्टर एक तरुण मुलगी होती, वेणीचा अंबाडा, कमरेला तिकिटाचं मशीन. ती म्हणाली, "बाबा, बसा ना."

"बरं आहे मला इथे," हे म्हणाले. प्रत्येक थांब्याला किती उतरले, किती चढले, ह्यांचे डोळे फिरत होते. कितीतरी महिन्यांनी मी ते डोळे असे जागे पाहिले.

फाटा आला. मी उतरले, माझ्यामागे हे उतरले. चार माणसं चढली. मी पिशवी खांद्याला नीट करत होते, तेवढ्यात त्या मुलीने डबल बेल दिली. टिंग टिंग. आणि मी वळून बघते तर आमचे हे दांडी धरून गाडीत. अगदी सराईतपणे, एक पाय पायरीवर, एक हात दांडीला. दार लागलं, गाडी गेली.

मी तिथेच उभी. हाक मारायचंही सुचलं नाही.

चहाच्या टपरीवरची बाई सगळं बघत होती. भांड्यात साखर टाकता टाकता म्हणाली, "ओ ताई, तुमचे मालक गेले की वो."

"गेले."

"भांडण झालं का काय?"

"नाही हो. कंडक्टर होते. बेल वाजली, पाय चढले."

तिने चमचा हवेतच धरला आणि मग इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. "आमचा बैल असाच व्हता," म्हणाली. "इकून टाकला तरी रोज आमच्याच दारात." मलाही हसू आलं, आणि हसता हसताच पिशवीतली गोळी आठवली. ह्यांचा फोन माझ्याकडे. गोळी माझ्याकडे. माणूस पेठच्या वाटेवर.

जीप थांबवून ह्यांच्या मागे जावं असं मनात आलं. पण मग ह्यांचाच एक नियम आठवला. यात्रेच्या दिवसांत गाडीत माणसं चुकायची, तेव्हा हे सगळ्यांना सांगायचे: सुटलात तर जिथे सुटलात तिथेच थांबा, दोघांनी शोधू नये. मी थांबले. टपरीवाल्या बाईने बाकडं पुसून दिलं. "पुढच्या थांब्यावर उतरतील नि येतील मागं. पान्यात थोडीच पडलेत. च्या घ्या."

चहा घेतला. किती वेळ गेला म्हणाल तर तासभर, पण मला तो सकाळपासून संध्याकाळएवढा वाटला. नाशिककडे जाणारी एक जीप आली, तिच्यात हे नव्हते. एक ट्रॅक्टर आला, त्याच्यावर नव्हते. मी स्वतःला शिव्या देत होते. बरा चाललेला माणूस, खुर्चीत बसलेला होता, बसू द्यायचा. कशाला खाज तुला डोंगरांची.

आणि मग वळणावर पांढरे बूट दिसले. आधी बूटच दिसले, मग वरचे हे. रस्त्याच्या कडेने, उजव्या हाताला, एका चालीत. शर्ट पाठीला चिकटलेला. मी पळत गेले, पाणी दिलं, गोळी काढली.

"ठेव ती," म्हणाले. "पुढच्या थांब्यापर्यंत काम होतं माझं."

"काय काम?"

"होतं."

टपरीवाली बाई तोंड फिरवून कप विसळायला लागली. हे बाकड्यावर बसले, अर्धी बाटली प्यायले. मी म्हटलं, "चला, आता येणाऱ्या गाडीने घरी जाऊ."

"घरी कशाला? तीन किलोमीटर आलोय. कडेचे किलोमीटरचे दगड बघत आलो ना, चुकणार नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिल्या दगडापर्यंत मी वाट बघत होतो, आता होईल, आता होईल. काही झालं नाही. दुसऱ्यानंतर मी विसरूनच गेलो गं."

मी बाटलीला झाकण लावलं. पिशवी उचलली.

गावातून वाट जाते, घरांच्या पुढे पायऱ्या-दगडांची चढण लागते. गवत पिवळं झालेलं, वारा थंड, ऊन मात्र चांगलं. हे पुढे, मी मागे. वीस-पंचवीस पावलं झाली की हे हात वर करायचे. "विनंती थांबा." मग मी म्हणायचं, "उतरणारे उतरून घ्या," आणि आम्ही दगडावर टेकायचो. धाप लागत होती, पण छातीवर हात गेला नाही. दोन पोरं आम्हांला मागे टाकून उड्या मारत वर गेली. एकाने विचारलं, "आजोबा, जमेल ना?" हे म्हणाले, "आमची साधी गाडी आहे बाबा, सगळे थांबे घेत येणार. तुम्ही व्हा पुढे."

रामाच्या गुहेपाशी पोचलो. आत गार होतं, टाक्यातलं पाणी त्याहून गार. मला वाटलं, इथवर झालं तरी गंगेत घोडं न्हालं. पण हे देवाला नमस्कार करून बाहेर आले आणि वर बघायला लागले. "अजून किती?"

"थोडंच. पण अवघड आहे जरा. राहू द्या."

"शेवटचा थांबा येईस्तोवर कंडक्टर उतरतो का कधी?"

ज्या किल्ल्याने बादशाही फौजेला वर्षानुवर्षं दमवलं, त्याने आमच्या ह्यांना सोडलं म्हणायचं. दगडात कोरलेल्या दरवाजातून वाकून बाहेर पडलो आणि वर नुसतं आभाळ. ह्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि कडेपासून बेताने लांब, पाय पसरून बसले. खाली द्राक्षांचे मळे चौकोन चौकोन, पलीकडे डोंगरांवर डोंगर, आणि मधून आपला पेठ रस्ता. त्यावर एक लाल ठिपका सरकत होता.

"पेठची. वेळेवर आहे," हे म्हणाले. मग बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिले, तो वळणाआड जाईपर्यंत. "खालून जाताना इथे माणसं दिसायची. मुंगीएवढी. मला वाटायचं, काय रिकामटेकडी लोकं आहेत."

"आता आपण."

"आता आपण," म्हणाले आणि दशमी मागितली.

खाता खाता खरं काय ते सांगितलं. त्या मुलीने विचारलं होतं, बाबा, तुम्ही आत्ता उतरलात ना? हे कबूल करायला लाजले. एकतीस वर्षं दुसऱ्यांना उतरवलं आणि आपण चुकून चढलो, कसं सांगायचं? पण तिनेच ओळखलं. म्हणाली, "किती वर्षं नोकरी झाली, बाबा? आमचे वडीलही असेच. लग्नाच्या गाडीतसुद्धा दारात उभे राहतात." तिने पुढच्या थांब्याला गाडी थांबवली आणि उतरताना बजावलं, "आता मी बेल देणार आहे. लांब व्हा." हे सांगताना ह्यांना इतकं हसू आलं की चटणीने ठसका लागला. मी पाठीवर थोपटत होते आणि मनात म्हणत होते, लागू दे.

उतरायला वेळ लागला, गुडघे माझेच कुरकुरले. फाट्यावर आलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. टपरीवाल्या बाईने न विचारता दोन चहा ठेवले. "काय बाबा, सापडला का रस्ता?"

"सापडला. पण चहा सकाळचा राहिलाय माझा."

पहिला घोट घेतला आणि गाडी आली. नाशिकला जाणारी. मी सवयीने पिशवी उचलली, हात केला. गाडी थांबली, दारात तीच मुलगी. ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "चला बाबा. आता मात्र थेट नाशिक, मध्ये उतरायचं नाही."

माझा एक पाय पुढे पडला होता. हे जागेवरून उठले, हातात कप तसाच, गाडीपाशी गेले. मला वाटलं, गेले, परत चढले.

"पुढची कधी आहे गं?" त्यांनी तिला विचारलं.

"पाऊण तासाने."

"मग जाऊ दे ही. चहा संपायचाय आमचा."

आणि मोकळ्या हाताने गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. मुलगी हसली, आतून टिंग टिंग झालं, आणि गाडी गेली. हे बाकड्यावर येऊन बसले, कप ठेवला, आणि खिशात काहीतरी शोधायला लागले. काय पाहिजे म्हणून विचारलं तर म्हणाले, "नखं कापायचं कुठे ठेवलंयस तू?"

"घरी आहे, कपाटात."

"हं." मग बाकड्यावर बोटानेच टकटक करत म्हणाले, "बुधवारी हरसूलच्या बाजूला जाऊ. लवकरची गाडी धरावी लागेल. पण बस डाव्या बाजूला."