सुमनच्या टेबलावरचा वरवंटा

दवाखान्यातून सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी किराण्याची यादी करत होते. त्याच कागदाच्या मागे, कोणाकोणाला कळवायचं ते लिहायला घेतलं. तिच्या शाळेतल्या जुन्या बाई, वाचनालय, गॅसवाला... अशा वेळी माझा हात आपोआप चालतो. मुरबाडकडच्या चांगुणामावशीचं नाव लिहिलं आणि थांबले. तिला कळवायचं हे नक्की होतं. काय म्हणून कळवायचं, ते कळेना.

शहापुरात सुमन आणि मी भिंतीला भिंत लागून राहिलो. तिनं शाळेत मराठी शिकवलं, मी त्याच शाळेचं ऑफिस सांभाळलं. निवृत्त झाल्यावर ती कादंबरी लिहायला बसली. एक काळ आजचा, एक तिच्या जन्माच्या वेळचा. लग्नाआधी मूल झालेल्या एका मुलीची गोष्ट. कोणत्या काळातलं पान कुठे गेलं ते तिला कधी सापडायचं नाही, म्हणून मी दोन रंगांच्या फायली करून दिल्या. "यादीवाले, तू नसतीस तर माझी नायिका म्हातारपणी जन्माला आली असती," असं म्हणायची. ही गोष्ट तिचीच होती. तिला वाढवणाऱ्या आईनं जाण्याआधी एवढंच सांगितलं होतं, "तुला मुरबाडकडून आणली. तिचं लग्न झालं नव्हतं." नाव सांगितलं नाही. सुमनला नावापेक्षा दुसरंच काही खुपत होतं. आपल्याला देऊन टाकताना त्या बाईनं एकदा तरी पाहिलं असेल का, जवळ घेतलं असेल का, हे तिला जाणून घ्यायचं होतं. तिनं स्वतःच उत्तर ठरवून टाकलं होतं, आणि तसंच लिहिलंही होतं: तिसऱ्या दिवशी पोर नेली, आईनं तोंडही पाहिलं नाही.

बाळंतपणाच्या जुन्या रीती विचारायला आम्ही चांगुणामावशीकडे गेलो. ती सुमनला वाढवणाऱ्या आईच्या माहेरची, नात्यानं लांबची बहीण. दर वर्षी वाल आणि तांदूळ घेऊन शहापूरला यायची. ओसरीवर ती शेंगा सोलत होती आणि सुमन ते प्रकरण वाचून दाखवत होती. मध्येच मावशी म्हणाली, "खोटं हाय."

"कादंबरी आहे मावशी. खोटीच असते."

"आसंल. पन पाचवी पुजल्याबिगर पोर कोन नेतं गो? सटवी नशीब लिवायला येते त्या राती. पोरीला मांडीवर घेऊन जागायला लागतं."

"मग कोण जागलं?"

"आई जागली. दुसरं कोन जागंल?" मावशीनं शेंग सोलायची थांबवली नाही. "पाटा-वरवंटा मांडला, हलदकुंकू वाह्यलं. मंग नेली. बारशाला पालन्यात पोरीसंगती वरवंटा निजवतात, टोपडं घालून. पोर शापूरला गेली. आमच्याकं वरवंटाच ऱ्हायला."

एरवी सगळं खोदून विचारणाऱ्या सुमननं पानं गोळा केली. फाइल मिटली. निघताना मावशी आतून वरवंटा घेऊन आली आणि तिच्या पिशवीत घातला. "पाटा नको, जड हाय. ह्यो ने."

एसटीत मी म्हटलं, पिशवी खाली ठेव, पाय अवघडतील. "राहू दे गो," म्हणाली. सरळगाव मागे पडल्यावर हळूच बोलली, "रात्रभर मांडीवर होते मी." घरी येऊन तिनं ते प्रकरण नव्यानं लिहिलं. वरवंटा टेबलावर, कागदांवर ठेवला. कोणी विचारलंच, बाई, पाटा कुठाय, तर म्हणायची, "माहेरी आहे." त्यानंतर ती वरचेवर मुरबाडला जायची. हाक मात्र मावशी अशीच मारायची. मावशीच्या मुलांना काही माहीत नव्हतं आणि तिला ते त्यांच्यावर लादायचं नव्हतं.

शेवटी मी मावशीच्या मुलाला फोन करून फक्त "सुमन गेली" एवढंच सांगितलं. दहाव्याच्या आधी वरवंटा परत द्यायला गेले. मुलगा अंगणातच भेटला. "ताई, तुमीच समजवा आईला. देवाला दिवा लावू देत नाय कोनाला. लांबच्या मावसबहिनीचं कसलं सुतक?"

आतून मावशीचा आवाज आला, स्पष्ट. "मावसबहीन नाय रे. माझ्या पोटची व्हती. सुतक माझंच."

सुनेनं हातातलं पूजेचं तबक खाली ठेवलं आणि सासूजवळ जाऊन बसली. मुलगा बराच वेळ चपला न काढता उंबऱ्यात उभा होता. मग तोही आत गेला.

मी वरवंटा पुढे केला. मावशीनं तो मांडीवर घेतला, पदरानं पुसला. म्हणाली, "पुस्तक झालं काय?"

"लिहून झालंय. छापायचं आहे."

"नाव ठेवलंन?"

नव्हतं ठेवलं. छपाईसाठी केलेल्या माझ्या यादीत 'पुस्तकाचं नाव' या ओळीपुढची जागा सुमननं शेवटपर्यंत भरू दिली नव्हती. हे सगळं पेपरात लिहू का, असं मी विचारलं. "लिव. आता घरात सांगून झालंय." आणि वरवंटा माझ्याच पिशवीत परत घातला. "पुस्तक येईल तवा त्याला नि ह्याला, दोगांना घेऊन ये. पाटा हितंच हाय. बारसं करू."

सध्या तो माझ्या टेबलावर आहे, दोन्ही काळांच्या फायलींवर. छापखान्याशी बोलणं चालू आहे. नावाची ओळ मी कोरीच ठेवली आहे. ते मावशी ठेवणार.