फ्लॉपीला लावलेलं कुंकू

नागपूरला तीन आठवडे कंप्युटर शिकून मी गडचिरोलीला परतले, तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात आपल्याएवढं शहाणं कुणी नाही अशी माझी ठाम समजूत होती. रोपवनाच्या आमच्या कचेरीत कंप्युटर नुकताच आला होता. त्याच्या खोलीबाहेर मी सगळ्यांना चपला काढायला लावायची, साहेबांनासुद्धा. स्वतः मात्र सँडल घालून आत बसायची, कारण फरशी गार लागायची.

खंडेनवमीला कचेरीत कुऱ्हाडींची, मोजपट्टीची, टाइपरायटरची पूजा झाली. मला वाटलं, कंप्युटरनं काय पाप केलंय? पडद्याला कुंकू लावलं, डब्याला लावलं. मग फ्लॉपी घेतली. पंजाएवढं काळं चौकोनी पाकीट, आत पातळ चकती, आणि यंत्राला ती वाचता यावी म्हणून पाकिटाला एक लांबट खिडकी. बरोब्बर त्या खिडकीत मी ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. जागा कशी कपाळासारखी वाटली हो!

दसऱ्यानंतर ती फ्लॉपी यंत्रात घातली. यंत्र घरघरलं आणि विचारू लागलं: वाचता येत नाही, सोडून देऊ, पुन्हा बघू, की दुर्लक्ष करू? सरकारी कचेरीत इतकं अदबीनं मला कुणी विचारलं नव्हतं. मी 'पुन्हा' दाबत बसले.

त्या फ्लॉपीत रोपवाटिकेतल्या रोजंदारी बायांची वर्षानुवर्षांची हजेरी होती. त्यांना कायम करायचं तर ती यादी त्या आठवड्यात नागपूरला जायलाच हवी होती. मूळ रजिस्टरं? 'आता कशाला ती?' म्हणून मीच व्हरांड्यात टाकलेली. वाळवीनं पोटभर खाल्ली. फ्लॉपीची दुसरी प्रत? ती काढायला शिकवलं होतं खरं.

मी रडत होते, तेवढ्यात रोपवाटिकेतली सगळ्यात जुनी बाई यादीचं विचारायला दारात आली.

"बाई, काऊन रडून राह्यल्या?"

सांगावंच लागलं. तिनं खिडकीतलं कुंकू वाकून पाहिलं. मग म्हणाली, "कुकूच हाय नं? धुवा मंग."

"मावशी, हे कंप्युटरचं आहे. धूत नाहीत."

"काऊन? कुकू लावता येते, अन् धुता येत नाई?"

माझं तीन आठवड्यांचं शिक्षण मी बाजूला ठेवलं. ब्लेडनं पाकीट उसवून चकती काढली. मावशीनं रिठ्याच्या पाण्यात ती नवजात पोरासारखी हलवून धुतली, सुती फडक्यावर वाळवली. तोवर मी यंत्राच्या आतला भाग स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला. मग एका कोऱ्या फ्लॉपीची चकती काढून त्या पाकिटात आमची चकती सरकवली.

आता प्रत काढायची. फ्लॉपी घालायची खाच एकच, त्यामुळे यंत्र कधी जुनी मागणार, कधी कोरी, असं तीन-चारदा. उलटसुलट झालं की जुनीवर कोरं उमटणार आणि सगळं पुसलं जाणार. आणि पाकिटं तर दोन्ही नवी, जुळ्या बहिणी!

"जुनी माह्यापाशी द्या," मावशी म्हणाली. "तुमचा भरोसा नाई."

ती जुनी पदराखाली धरून बसली. मी "जुनी!" म्हटलं की द्यायची, काम झालं की हिसकून घ्यायची. एकदा मी घाईत कोरीच्या वेळी तिच्यापुढे हात केला, तर तिनं चापटच मारली.

प्रत निघाली, पण यादीची फाइल उघडेना. मग चेकडिस्क चालवलं. त्यानं चकतीवरचे सुटलेले तुकडे गोळा करून नवी फाइल बनवली. ती उघडली, तर सुरुवातीला नुसता चिवडा आणि त्याखाली ओळीनं नावं, हजेरीसकट!

"माहं कुठी हाय?" मावशीला वाचता येत नव्हतं.

मी दाखवलं. तिनं काचेवर बोट ठेवलं. मी पुढचं बघायला बटण दाबलं आणि नाव वर सरकत पडद्याबाहेर गेलं.

"गेलं! बाई, गेलं नं माहं!" ती ओरडली.

मी घाबरून परत खाली आणलं. मग छपाईचं यंत्र करकरत कागद काढू लागलं, तरी तिनं काचेवरचं बोट उचललं नाही. तिच्या नावाची ओळ उमटली, मी कागद तिच्यासमोर धरला, तेव्हा कुठे तिनं बोट काढलं आणि कागदावर टेकवलं.

"हे सरकत नाई नं?"

"नाही, मावशी."

पुढच्या पावसाळ्याआधी ती कायम झाली.