भरल्या पोटी धरलेला दिवा

भर मांडवातून दिवा टाकून पळालेली करवली आख्ख्या कुंडल गावात एकच, ती मी. धाकट्या दिराचं लग्न होतं, नणंद नाही म्हणून त्याच्या पाठीशी दिवा धरून मीच उभी. मंगलाष्टकं सुरू झाली आणि पोटात असा पिळा उठला की हातातला दिवा शेजारणीकडं ढकलून मी उसाच्या फडाकडं धूम ठोकली. त्या गडबडीत दिवा विझला. मग काय विचारता! बायकांना पुढची दोन वर्षं दुसरा विषयच नव्हता.

हे पोट माझ्या मागं लागलं ते लग्न झाल्यापासून. कुठं जायचं म्हटलं की ढवळायला सुरुवात. बायकांनी परसाकडं जायचं ते अंधारात, आणि माझं पोट हाक मारणार भर दुपारी! त्या धास्तीनंच ते आणखी ढवळायचं. पोट रिकामं ठेवलं तर दगा कशाचा देईल, अशी अक्कल मी लढवली आणि गावाला जायच्या आदल्या दिवसापासून खाणंच सोडलं. सासूबाईंना वाटलं, सून देवभोळी. "माजी सून लय उपासाची," असं त्या गल्लीभर सांगत सुटल्या. आता खायची चोरी झाली! एरवीही जेवायची ती सगळ्यांच्या शेवटी, गार भाकरी नि ठेचा, तोही उभ्याउभ्या गिळायचा.

मालक पलटणीतून रजेवर आले तेव्हा मला सांगलीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, म्हणाले, "आतड्यात दोष नाही. तुम्हाला राग फार येतो का?"

"न्हाई," मी म्हटलं.

मालक असे हसले की बाहेरचे रोगी डोकावून बघायला लागले. मला इतका संताप आला! डॉक्टर म्हणाले, "हा असा गिळलेला राग पोटाला बाधतो. वेळेवर, सावकाश, गरम जेवा. आणि मनात आलेलं बोलत जा."

त्याच सुमाराला पलूसला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. आई नव्हती, तेव्हा तिच्या पाठीशी दिवा धरून मीच उभी राहणार. पण तिच्या होणाऱ्या सासूनं निरोप धाडला, दिवा दुसरीच्या हातात द्या, हिनं एकदा विझवलाय. बहीण माझ्या गळ्यात पडून रडली. "आक्का, तूच धर. दुसरं कुणी नगं मला." त्या क्षणी ठरवलं, मरेन पण मांडवातून हलणार नाही.

मालक म्हणाले, "पलटणीत बिगूल वाजला की खायचं, भूक असो नसो. तुजा बिगूल मी." आणि खरंच, रोज ठरल्या वेळी गोठ्यातून तोंडानं बिगूल वाजवायचे. मेलं, हसूच यायचं!

सासूबाई कडाडल्या, "सून आदी गिळणार आन गडी बघत बसणार?"

"व्हय. बघवत नसंल तर तिकडं तोंड करा!"

आयुष्यात पहिल्यांदा उलटून बोलले. आणि काय नवल, संध्याकाळी पोट गप्प! दळतानाही एक ध्यानात आलं. जात्यावर लांब दम घेऊन गायले की आतलं सगळं सैल पडतं. रुसून मुकाट्यानं दळलं की पिळा ठरलेला. मग मी रोज गायला लागले, अगदी गल्ली जागी होईल असं.

लग्नाच्या दिवशी गाडी जुंपायच्या आधी मी चुलीपुढं बसून गरम भाकरी नि ताक खाल्लं. सासूबाई ते बघून गाडीत जाऊन बसल्या.

मांडवात दिवा हातात घेतला. पहिल्याच मंगलाष्टकाला पोट कुरकुरलं. सगळ्या बायकांचे डोळे माझ्यावर. मी मनातल्या मनात जातं फिरवायला घेतलं. दम लांब घेतला, सावकाश सोडला, पुन्हा घेतला. पुढं बहिणीची मान ताठ होती. पिळा आला तसा गेला. शेवटचे तांदूळ पडले, वाजंत्री वाजली, आणि माझा दिवा जळतच होता! आनंदानं ओरडावंसं वाटलं मला.

पोट अजूनही मधूनमधून कुरकुरतं. कुरकुरू दे. आता ते माझं ऐकतं.

बहिणीची सासू दिवा निरखत आली. म्हणाली, "आज कडक उपास धरला आसंल, म्हणून निभावलं."

मी तोंड उघडायच्या आत माझ्या सासूबाई पुढं झाल्या. "उपास कसला? माजी सून गड्यांच्या आदी जेवून आलीया!"